चौकोनी बटणांचा मोह

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गेम कन्सोलच्या संग्रहावर लेख आला होता तो मी दोनदा वाचला, पहिल्यांदा खुश होऊन आणि दुसऱ्यांदा थोडी चिडून. खुश यासाठी की या विषयावर कोणी मराठीत अर्धं पान दिलं हेच खूप झालं. आणि चिडले कारण पूर्ण लेखात कन्सोल म्हणजे जणू सोन्याचं बिस्किट, आज घ्या, कपाटात ठेवा, दहा वर्षांनी विका. "शक्यतो सीलबंदच घ्या" हे वाक्य तर चौकटीत टाकलं होतं. मी सध्या नेमकी याच विचारात अडकलीये की एक जुना फॅमिकॉम, म्हणजे निन्टेंडो कंपनीचा टीव्हीला जोडून खेळायचा जपानी कन्सोल, घ्यावा की नाही, गेले तीन महिने डोक्यात तेच चाललंय, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं.

आधी लेखातल्या त्या लिलावाबद्दल. २०२१ च्या जुलैत सुपर मारिओ ६४ या गेमची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली हे खरं आहे, पण ती कार्ट्रिज होती, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायचा गेम, कन्सोल नव्हे, आणि तीसुद्धा ग्रेडिंग करून, म्हणजे दर्जा ठरवून, प्लास्टिकच्या जाड डबीत बंद केलेली, जी आता कोणी खेळणार नाहीये. त्यावरून घरात पडलेल्या कन्सोलची किंमत काढणं म्हणजे एका कोऱ्या टपाल तिकिटाच्या किमतीवरून अख्ख्या टपाल खात्याचा भाव काढण्यासारखं आहे. फॅमिकॉम आणि त्याचा परदेशी भाऊ एनईएस मिळून ६ कोटी १९ लाख नग विकले गेलेत, प्लेस्टेशन २ तर १५ कोटींच्या वर. एवढ्या वस्तू जगात असताना "दुर्मीळ" हा शब्द जरा जपून वापरायला हवा की नको? आणि जे खरंच कमी विकलं गेलं, उदाहरणार्थ निन्टेंडोचा व्हर्च्युअल बॉय, १९९५ चा, वर्षभरही बाजारात टिकला नाही, तो दुर्मीळ आहे कारण तेव्हा कोणाला तो आवडलाच नव्हता, लाल रंगाचं चित्र बघून डोळे दुखायचे. आता तो गोळा करणारे आहेत, करू देत बापडे, पण त्याच्या डिस्प्लेच्या पट्टीसारख्या केबलचा गोंद सुटतो आणि चित्रात रेघा यायला लागतात हे लेखात कुठेच नव्हतं.

माझं मुख्य म्हणणं हेच आहे. कन्सोल ही वस्तू नाही, यंत्र आहे, आणि यंत्र नुसतं ठेवलं तरी खराब होतं. खरं तर नुसतं ठेवल्यामुळेच जास्त खराब होतं.

हे मला कुठून कळलं ते सांगते. दादाचा सेगा गेम गियर होता, १९९० सालचं मॉडेल, हातात धरून खेळायचा, रंगीत स्क्रीनचा, सहा पेन्सिल सेल खायचा आणि तेसुद्धा तीन ते पाच तासात फस्त करायचा, म्हणून आमच्याकडे तो फार खेळला गेलाच नाही. दादाने तो नीट पिशवीत गुंडाळून खणात ठेवला, सेलसुद्धा आठवणीने काढून ठेवले, आणि आम्हाला वाटायचं की बघा आपला पीस किती जपलेला आहे, एक ओरखडा नाही. खूप वर्षांनी मी तो काढला, नवे सेल घातले, बटण सरकवलं. दिवा लागला. स्क्रीनवर काहीतरी हलत होतं पण इतकं अंधुक की तिरपा धरून बघावं लागत होतं, आणि आवाज म्हणाल तर कान टेकवला तर शेजारच्या खोलीत कोणी गुणगुणतंय असा. उघडला. उघडल्याबरोबर आधी वास आला, चक्क मासळीसारखा. आत बोर्डावर शर्टाच्या बटणाहून लहान असे ॲल्युमिनियमचे डबे असतात, कपॅसिटर, त्यांच्या पोटातलं द्रव हळूहळू बाहेर येऊन बोर्डावर पसरलं होतं आणि खालचं तांबं कळकून हिरवं पडलं होतं. हा कोणा एकाच्या पीसचा दोष नाही, गेम गियरमध्ये हे जवळपास ठरलेलंच आहे, त्या काळचे ते बारके कपॅसिटर गळतातच, तुम्ही तो खेळा नाहीतर तिजोरीत ठेवा.

मी ते बदलायला घेतले. सोल्डरिंगचा, म्हणजे डाग मारून भाग जोडायचा, हात तेव्हा बसलेला नव्हता, आणि कळकलेलं तांबं फार नाजूक होतं, दोन ठिकाणी कपॅसिटरबरोबर खालचा पॅडच उखडून आला. स्क्रीन सुधारली, आवाजाचा छोटा बोर्ड मात्र कायमचा गेला. दादाला फोन करून सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "अगं पण मी तर हात पण नव्हता लावला त्याला." हेच तर ना! हात लावला असता, मधेमधे उघडून बघितला असता, तर वाचला असता.

तर "सीलबंद घ्या" हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. सीलबंद खोक्यात काय चाललंय हे तुम्हाला बघता येत नाही. ज्या कार्ट्रिजमध्ये गेम सेव्ह व्हायचा त्यातल्या बऱ्याचशांमध्ये आत नाण्यासारखा एक सेल असतो, बोर्डाला सोल्डरचा डाग मारून बसवलेला, तो संपला की सेव्ह उडतात आणि कधीकधी तो गळतोही. खोक्यावरचं प्लास्टिक कितीही चकाचक असलं तरी सेलला ते माहीत नसतं. फॅमिकॉमला १९८६ मध्ये डिस्क सिस्टिम नावाचं जोडयंत्र आलं होतं, त्यात डिस्क फिरवायला रबरी पट्टा आहे, तो वापरा न वापरा, वितळून चिकट डांबर होतो. पहिल्या एक्सबॉक्समध्ये घड्याळासाठी एक कपॅसिटर आहे तो गळून बोर्डावरचे आजूबाजूचे तांब्याचे ट्रॅक खातो, म्हणून जाणकार लोक तो सरळ काढूनच टाकतात, बहुतेक आवृत्त्यांमध्ये त्याच्याशिवाय कन्सोल चालतो, फक्त वेळ लक्षात ठेवत नाही. आता मला सांगा, सीलबंद एक्सबॉक्समधून तो कसा काढणार?

आता माझ्या फॅमिकॉमकडे येते. ओळखीतून एक जण विकतोय, त्याच्याकडे दोन आहेत. पहिला खोक्यासकट, आतलं थर्माकोल पण शाबूत, आणि मुख्य म्हणजे चौकोनी बटणांचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फॅमिकॉम १९८३ च्या १५ जुलैला जपानमध्ये आला तेव्हा कंट्रोलरवरची ए आणि बी बटणं चौकोनी, मऊ रबराची होती. ती झिजायची, दाबली की आत अडकून बसायची, म्हणून कंपनीने नंतर गोल, कडक प्लास्टिकची केली. शिवाय अगदी सुरुवातीच्या मशीनमध्ये चिपमध्येच गडबड निघाली, निन्टेंडोने ती परत मागवून बोर्ड बदलून दिले. म्हणजे बघा, ज्या चौकोनी बटणांसाठी विकणारा दुप्पट पैसे मागतोय ती मुळात कंपनीने चूक म्हणून सुधारलेली गोष्ट आहे. संग्राहकांची ही गंमतच आहे, चूक जितकी लवकर सुधारली तितकी ती महाग. आणि मी हे सगळं कळत असूनही तीन महिने त्या फोटोकडे बघतेय, मोठं करून बघतेय, ती बटणं खरंच चौकोनी आहेत ना, कोपरे झिजलेत का. हसू नका.

दुसरा पीस गोल बटणांचा, खोकं नाही, वरचं पांढरं कवच पिवळं पडलेलं. सोबत सात कार्ट्रिज, त्यातल्या एकीच्या मागे कोणत्या तरी मुलाने मार्करने स्वतःचं नाव लिहिलंय, जपानी अक्षरात, वाकडंतिकडं. तुमच्या लेखाप्रमाणे असं नाव म्हणजे "किमतीत घट". मला तर उलट ते बघून बरं वाटलं, कोणीतरी हा खेळलाय, मित्राकडे नेलाय, हरवू नये म्हणून नाव टाकलंय. पिवळेपणाचं म्हणाल तर त्या जुन्या एबीएस प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमीनची संयुगं घालायचे, त्याचा त्यात हात आहे असं मानतात, आणि ऊन लागलं की ते आणखी वाढतं. हायड्रोजन पेरॉक्साईड लावून उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली ठेवून पांढरं करायची एक पद्धत आहे, पण हात चुकला की डाग पडतात, रेघा उठतात, आणि काही दिवसांनी पिवळेपणा परतही येऊ शकतो. मला विचाराल तर राहू द्या पिवळा. केस पिकलेत म्हणून माणसाला ब्लीचमध्ये बुडवतो का आपण?

अर्थात दुसरा घ्यायचा तरी प्रश्न संपत नाहीत. मूळ फॅमिकॉममधून चित्र फक्त आरएफने येतं, अँटेनाच्या भोकातून, आणि ते जपानच्या चॅनेलवर, तेव्हा जपानबाहेरच्या टीव्हीला ते पकडता येईलच असं नाही, आणि नव्या टीव्हीला तर बऱ्याचदा तसला ट्यूनरच नसतो. कन्सोल उघडून आत एव्हीची, म्हणजे चित्र आणि आवाजाच्या वेगळ्या वायरींची, जोडणी करता येते, लोक सर्रास करतात, पण मग शुद्धतावादी मंडळी नाक मुरडतात की "ओरिजिनल राहिला नाही". याला माझं उत्तर असं की काळ्या पडद्याला जोडलेला ओरिजिनल घेऊन मी काय करू? निन्टेंडोने स्वतःच १९९३ मध्ये एव्हीवाला नवा फॅमिकॉम काढला, कंट्रोलर पण सुटे होणारे दिले, म्हणजे त्यांनाही कळलं होतं. व्यवहारी माणसाने खरं तर तोच घ्यावा. जुन्यात कंट्रोलरच्या वायरी थेट आत जोडलेल्या, त्यातही आखूड, एक तुटली की पूर्ण कन्सोल उघडा.

मग मी तोच का घेत नाही? कारण त्यात मायक्रोफोन नाही! मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरवर स्टार्ट आणि सिलेक्ट नाहीत, त्या जागी एक छोटा माईक आणि आवाजाची सरकपट्टी आहे, त्यात बोललं की आवाज टीव्हीतून येतो. झेल्डा या गेमच्या जपानी आवृत्तीत मोठ्या कानांचे सशासारखे शत्रू आहेत, ते माईकमध्ये ओरडलं की मरतात. १९८३ च्या खेळण्यात कोणाला तरी हे सुचलं, आणि मग तिथेच ते थांबलं, पुढे कोणी फारसं वापरलंच नाही. नवीन आवृत्तीतून काढूनच टाकलं. माझा जीव या असल्या अर्धवट सोडलेल्या गोष्टीत अडकतो, त्याला मी काय करू.

बरं, ज्यांना फक्त जुने गेम खेळायचेत त्यांनी या भानगडीत पडूच नये हे मी मनापासून सांगते. एम्युलेटर आहेत, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणारी सॉफ्टवेअर, मिस्टरसारखी एफपीजीएवाली यंत्रं आहेत जी जुन्या चिपची नक्कल सर्किटच्या पातळीवर करतात, २०१६ मध्ये निन्टेंडोने स्वतःच छोटा फॅमिकॉम काढला होता, ३० गेम आत भरलेले, सरळ एचडीएमआयला जोडा. (त्याचे कंट्रोलर मात्र इतके चिमुकले की मोठ्या माणसाचा अंगठा दोन बटणं एकदम दाबतो.) फक्त एक गोष्ट आहे, विकत मिळणाऱ्या मार्गाने सगळे गेम मिळतील या भ्रमात राहू नका. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी करून सांगितलं की २०१० च्या आधी अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. निन्टेंडोच्या वी यू आणि थ्रीडीएस या कन्सोलचं ऑनलाइन दुकान त्याच वर्षी मार्चमध्ये बंद झालं. तेव्हा जुन्या कार्ट्रिज जपणाऱ्या लोकांना "खेळण्यात पैसे घालवणारे" म्हणून हसायचं कारण नाही, जुने गेम टिकवायचं निम्मं काम तेच करतायत.

पण जपायचं म्हणजे जबाबदारी आली. निन्टेंडोने फॅमिकॉमची दुरुस्ती २००७ मध्येच थांबवली, सुटे भाग संपले म्हणून. त्यानंतर जो काय डॉक्टर तो तुम्हीच किंवा तुमचा एखादा हौशी मित्र. म्हणून विकत घेण्याआधी मी स्वतःला विचारते की हा बिघडला तर मी उघडणार आहे का. उत्तर "नाही बाई" असेल तर घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त असो. मला वाटतं हा एक प्रश्न तुमच्या चौकटीत असायला हवा होता.

आणि अडॅप्टर! त्याबद्दल तुमच्या लेखात एक ओळसुद्धा नाही, आणि सगळ्यात जास्त कन्सोल त्यानेच मरत असतील. माझ्या ओळखीच्या एकाने मोठ्या हौसेने फॅमिकॉम आणला आणि घरात पडलेला एनईएसचा अडॅप्टर लावला, भाऊभाऊच आहेत ना म्हणून. पिन बरोब्बर बसते. पण एनईएसचा अमेरिकन अडॅप्टर एसी देतो आणि फॅमिकॉमला लागतो १० व्होल्ट डीसी, तोही मधली पिन निगेटिव्ह असलेला, आजकालच्या बहुतेक अडॅप्टरच्या बरोब्बर उलटा. धूर निघाला नाही, आवाज आला नाही, नुसता एक गरम वास आणि मग काहीच नाही. शिवाय मूळ जपानी अडॅप्टर १०० व्होल्टसाठी केलेला असतो, तो २२०-२४० च्या भिंतीत खुपसला तर तोच आधी जाईल. पिन बसली म्हणजे जमलं असं नसतं, अडॅप्टरच्या पाठीवरचं वाचा, आणि वाचूनही खात्री नसेल तर मल्टीमीटर लावा.

फुंकर मारण्याबद्दल पण लिहू का? लिहितेच. गेम लागला नाही की कार्ट्रिज काढून फुंकर मारायची हे आपण सगळ्यांनी केलंय, आणि मग ती लागायची, म्हणून फुंकरीवर विश्वास बसला. खरं म्हणजे ती काढून परत लावल्यामुळे लागायची, पिना घासल्या जायच्या म्हणून. फुंकरीतला ओलावा उलट पिनांना कळकवतो. एनईएसमध्ये हा त्रास जास्त कारण त्यात कार्ट्रिज आत ढकलून खाली दाबायची रचना होती, ७२ पिनांचा कनेक्टर ढिला पडायचा, आणि वर एक कुलूप चिप होती, तिचं कार्ट्रिजमधल्या जोडीदार चिपशी नीट बोलणं झालं नाही की ती दर सेकंदाला कन्सोल रिसेट करायची, तो लुकलुकणारा लाल दिवा तोच. फॅमिकॉममध्ये कार्ट्रिज सरळ वरून बसते, ६० पिना, कुलूप नाही, म्हणून तो म्हातारा अजून धडधाकट सापडतो. कापसाची काडी, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, पुसा, वाळू द्या, बस.

नकली कार्ट्रिजबद्दल एवढंच की शक्य असेल तर उघडून बोर्ड बघा, आत चिपच्या जागी डांबराचा थेंब पडल्यासारखा काळा गोळा दिसला तर बहुतेक वेळा शंका घ्यावी, बहुतेक म्हणते कारण काही अस्सलमध्येही तसं सापडतं. सुपर निन्टेंडो, गेम बॉय वगैरेच्या कार्ट्रिजला ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो, विकणारा तो बघून दचकला तर तेवढ्यावरूनही काय ते कळतं.

तर माझं कुठवर आलं? चौकोनी बटणांना मी परवा नाही म्हटलं. सोपं नव्हतं ते. विकणाऱ्याने सांगितलं की मशीन खोक्यातून बाहेर काढून, लावून दाखवणार नाही, "व्हॅल्यू जाते" म्हणाला, आणि तो शब्द ऐकला आणि मला एकदम दादाची ती पिशवी आठवली. पिवळा मात्र उघडायला तो तयार आहे, साध्या प्लस स्क्रूड्रायव्हरने उघडतो, माझ्यासमोर उघडू म्हणाला. शनिवारी जातेय. मल्टीमीटर घेतलाय, अल्कोहोलची बाटली घेतलीये, योग्य अडॅप्टर घेतलाय, आणि आत एव्हीची जोडणी आधीच कोणीतरी केलेली आहे असं फोटोवरून वाटतंय, सोल्डरचे डाग जरा बटबटीत आहेत पण चालेल, ते मी परत मारीन. दादा पण येतोय. त्याला मी पूर्ण यादी वाचून दाखवली तर म्हणाला, "ते सगळं ठीक आहे, पण दुसऱ्या कंट्रोलरची ती सरकपट्टी वर करून माईकमध्ये हॅलो म्हणून बघ, ते बघायचं सगळे विसरतात."

आपली,
एक वाचक